दीर्घ पल्ल्याच्या क्रीडापटूंचा थकवा आणि अमिनो आम्लांची पूरके

मॅरेथॉन, लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती, ट्रायथलॉन, खुल्या पाण्यातील जलतरण अशा दमसासाची कसोटी पाहणाऱ्या खेळांत थकवा लांबवण्यासाठी अमिनो आम्लांची पूरके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. भुकटी, गोळ्या आणि तयार पेयांच्या रूपात मिळणाऱ्या या पूरकांच्या वेष्टनांवर दम टिकवण्याचे आणि शीण घालवण्याचे दावे असतात. या दाव्यांच्या मुळाशी १९८० च्या दशकात मांडला गेलेला एक शास्त्रीय सिद्धान्त आहे. मात्र त्यानंतरच्या प्रयोगांतून, पुरेसा आहार घेणाऱ्या क्रीडापटूचा थकवा या पूरकांमुळे लक्षणीयरीत्या कमी होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट थकव्याचे खरे कारण दुर्लक्षित राहणे आणि पूरकातील भेसळीमुळे उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी ठरणे, हे दोन धोके मात्र प्रत्यक्षात अनुभवास आले आहेत.

अमिनो आम्ले म्हणजे काय?

प्रथिने ज्या लहान घटकांची बनलेली असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मानवी शरीरातील प्रथिनांच्या रचनेत प्रामुख्याने २० अमिनो आम्ले आढळतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्ले असे म्हटले जाते. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही या नऊंपैकी तीन आम्ले. त्यांच्या रेणूच्या रचनेत फांदीसारखा फाटा असल्याने त्यांना शाखायुक्त अमिनो आम्ले असे नाव आहे. बाजारात ती 'बीसीएए' या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जातात.

बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन मुख्यतः यकृतात होते. शाखायुक्त अमिनो आम्लांच्या विघटनाचा पहिला टप्पा मात्र प्रामुख्याने स्नायूंत पार पडतो. त्यामुळे व्यायामाच्या काळात स्नायू त्यांचा इंधन म्हणून वापर करू शकतात. असे असले तरी दीर्घकाळच्या व्यायामात लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी प्रथिनांचा वाटा अल्पच असतो. सर्वसाधारण परिस्थितीत तो काही टक्क्यांपुरता मर्यादित राहतो आणि शरीरातील कर्बोदकांचा साठा संपत आला असता सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उर्वरित ऊर्जा कर्बोदके आणि मेद यांपासूनच मिळते.

थकवा कोठे निर्माण होतो?

दीर्घ पल्ल्याच्या खेळातील थकव्याला एकच कारण नसते. पहिले आणि सर्वांत परिचित कारण म्हणजे ग्लायकोजेनचा ऱ्हास. आहारातील कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवली जातात. प्रौढ व्यक्तीच्या स्नायूंत साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम, तर यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. वेगाने धावणाऱ्या खेळाडूचा हा साठा मॅरेथॉनच्या ३० व्या किलोमीटरच्या आसपास संपू लागतो. पाय जड होणे, वेग एकाएकी मंदावणे, डोके सुन्न होणे ही त्याची लक्षणे होत.

दुसरे कारण म्हणजे उष्णता आणि शरीरातील पाण्याची घट. शरीराचे तापमान वाढले की त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते, हृदयाची गती वाढते आणि तोच वेग राखणे अधिक कष्टाचे होते. भारताच्या बऱ्याचशा भागातील हवामानात हे कारण विशेष महत्त्वाचे ठरते.

तिसरे कारण मेंदूशी निगडित आहे. स्नायूंमध्ये काम करण्याची क्षमता शिल्लक असतानाही मेंदूकडून त्यांना मिळणारी चालना मंदावते. या प्रकाराला केंद्रीय थकवा असे म्हणतात. अमिनो आम्लांच्या पूरकांची कथा येथूनच सुरू होते.

न्यूजहोम यांचा सिद्धान्त

ऑक्सफर्ड विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ एरिक न्यूजहोम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये केंद्रीय थकव्याचा रासायनिक उलगडा करणारा सिद्धान्त मांडला. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य चेतापेशींमधील संदेशवहनाचे काम करते. झोप, मनःस्थिती आणि सुस्ती यांच्याशी त्याचा संबंध आहे. हे सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या आवश्यक अमिनो आम्लापासून तयार होते.

रक्तातील बहुतांश ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. व्यायाम दीर्घकाळ चालला की शरीर मेदाचा अधिकाधिक वापर करू लागते आणि रक्तात मेदाम्लांचे प्रमाण वाढते. ही मेदाम्लेही अल्ब्युमिनलाच चिकटतात. परिणामी ट्रिप्टोफॅनची जागा हिरावली जाते आणि मोकळ्या ट्रिप्टोफॅनचे प्रमाण वाढते. त्याच वेळी स्नायू शाखायुक्त अमिनो आम्लांचा वापर करत असल्याने त्यांचे रक्तातील प्रमाण घटू लागते.

ट्रिप्टोफॅन आणि शाखायुक्त अमिनो आम्ले या दोहोंना मेंदूत प्रवेश करण्यासाठी एकाच वाहक प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा असते. एका बाजूचे प्रमाण घटले की दुसऱ्या बाजूला अधिक वाव मिळतो. अधिक ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरते, अधिक सेरोटोनिन तयार होते आणि खेळाडूला थकवा जाणवू लागतो, अशी ही मांडणी होती. यावरून निघणारा निष्कर्ष सरळ होता. शर्यतीच्या दरम्यान शाखायुक्त अमिनो आम्ले दिल्यास ट्रिप्टोफॅनचा मेंदूतील प्रवेश रोखला जाईल आणि थकवा पुढे ढकलता येईल.

ही मांडणी सुसंगत होती आणि प्रयोगांनी पारखून घेता येण्याजोगीही होती. त्यामुळे अनेक देशांतील संशोधकांनी ती तपासण्यास प्रारंभ केला.

प्रयोगांतून काय निष्पन्न झाले?

ईवा ब्लॉमस्ट्रँड यांनी न्यूजहोम आणि इतर सहकाऱ्यांसमवेत केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. यात १९३ पुरुष मॅरेथॉन धावपटूंचा समावेश होता. काहींना शर्यतीदरम्यान शाखायुक्त अमिनो आम्ले देण्यात आली, तर इतरांना केवळ त्यांसारखे दिसणारे परंतु निष्प्रभ पेय. ३ तास ५ मिनिटे ते ३ तास ३० मिनिटे या वेळेत शर्यत पूर्ण करणाऱ्या तुलनेने संथ धावपटूंच्या कामगिरीत सुधारणा दिसून आली. ३ तास ५ मिनिटांपेक्षा कमी वेळ घेणाऱ्या वेगवान धावपटूंत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. ३० किलोमीटरच्या शर्यतीनंतर घेतलेल्या एका मानसिक चाचणीतही पूरक घेणाऱ्यांची कामगिरी सुधारल्याचे नमूद करण्यात आले.

या अभ्यासाचा उल्लेख पुढे पूरकांच्या प्रचारात वारंवार झाला. तथापि त्याच्या मर्यादाही संशोधकांनी दाखवून दिल्या. सर्व धावपटूंचा एकत्रित विचार करता दोन गटांत फरक नव्हता. संथ आणि वेगवान अशी विभागणी केल्यानंतरच तो दिसला. शर्यतीपूर्वीच्या आणि शर्यतीदरम्यानच्या आहारावर काटेकोर नियंत्रण नव्हते. खुल्या रस्त्यावरील शर्यतीत असे नियंत्रण ठेवणे कठीणच असते.

नियंत्रित परिस्थितीतील महत्त्वाचा प्रयोग नेदरलँड्समधील गेरिट व्हॅन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दमसासाच्या खेळांचा सराव असलेल्या १० पुरुष क्रीडापटूंनी पूर्ण थकेपर्यंत सायकल चालवली. वेगवेगळ्या दिवशी त्यांना चार प्रकारची पेये देण्यात आली. एकात केवळ साखर, दुसऱ्यात साखर आणि ट्रिप्टोफॅन, तर उरलेल्या दोहोंत साखरेसोबत शाखायुक्त अमिनो आम्लांची कमी आणि अधिक मात्रा होती. चारही वेळा खेळाडू थकण्यास लागलेला काळ जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे १२२ मिनिटे होता.

या प्रयोगातील सर्वांत बोलकी बाब ट्रिप्टोफॅनविषयी होती. ट्रिप्टोफॅनयुक्त पेयामुळे मेंदूत जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनचे प्रमाण अनेक पटींनी वाढले असावे, असा संशोधकांचा हिशेब होता. सिद्धान्तानुसार अशा वेळी खेळाडू लवकर थकायला हवे होते. तसे घडले नाही. शाखायुक्त अमिनो आम्लांमुळे होणारी घट तर त्या मानाने अगदीच किरकोळ होती.

उष्ण हवामानातील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४ अंश सेल्सियस तापमानात मंद गतीने सायकल चालवणाऱ्या स्त्री-पुरुषांनी शाखायुक्त अमिनो आम्ले घेतल्यावर सरासरी १३७ ऐवजी १५३ मिनिटे तग धरला. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३० अंश तापमानातील दुसऱ्या एका अभ्यासात असा कोणताही लाभ आढळला नाही. पुढील काळात उष्णतेतील थकव्याबाबत सेरोटोनिनपेक्षा डोपामिन या द्रव्याकडे संशोधकांचे अधिक लक्ष गेले. केंद्रीय थकवा हे वास्तव असले तरी त्याचे कारण एकाच रासायनिक द्रव्यात शोधता येत नाही, असे आज मानले जाते.

कर्बोदकांनी दिलेले उत्तर

न्यूजहोम यांच्या सिद्धान्तातूनच आणखी एक मार्ग पुढे आला. व्यायामाच्या काळात कर्बोदके घेतल्यास रक्तातील मेदाम्लांची वाढ रोखली जाते. परिणामी मोकळे ट्रिप्टोफॅनही फारसे वाढत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सायकलपटूंवर केलेल्या अभ्यासात हे दिसून आले आणि कर्बोदके घेणारे खेळाडू अधिक काळ टिकले. म्हणजे ट्रिप्टोफॅनला अटकाव करण्याचे जे काम अमिनो आम्लांकडून अपेक्षित होते, ते साखरयुक्त पेय करते. शिवाय ते स्नायूंना इंधन पुरवते आणि रक्तशर्कराही टिकवते.

शाखायुक्त अमिनो आम्लांच्या अधिक मात्रेची एक उलट बाजूही आहे. त्यांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो. व्यायामाच्या काळात मोठी मात्रा घेतल्यास रक्तातील अमोनियाचे प्रमाण वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे आणि अमोनिया स्वतःच थकव्याशी निगडित मानला जातो.

इतर अमिनो आम्लांची स्थिती

ग्लुटामिन : दीर्घ शर्यतीनंतर रक्तातील ग्लुटामिनचे प्रमाण घटते. ते प्रतिकारशक्तीच्या पेशींचे इंधन असल्याने या घटीमुळे संसर्ग वाढतात, असा तर्क होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटामिन घेणाऱ्या ८१ टक्के खेळाडूंनी शर्यतीनंतरच्या सात दिवसांत संसर्ग झाला नसल्याचे सांगितले. निष्प्रभ पेय घेणाऱ्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. नंतरच्या अभ्यासांतून मात्र या लाभाला पुष्टी मिळाली नाही.

टायरोसिन : यापासून डोपामिन तयार होते. त्यामुळे एकाग्रता टिकेल आणि थकवा लांबेल, अशी अपेक्षा होती. दमसासाच्या कामगिरीत सातत्याने सुधारणा झाल्याचे आढळलेले नाही.

आर्जिनिन आणि सिट्रुलिन : शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करून रक्तवाहिन्या रुंदावण्याच्या हेतूने ही घेतली जातात. निष्कर्ष संमिश्र आहेत. याच हेतूने बीटाच्या रसातील नायट्रेटला अधिक भक्कम पुरावा आहे.

बीटा-अ‍ॅलनिन : अमिनो आम्लांमध्ये ज्याचा परिणाम बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे, असे हे एक आम्ल. काही आठवडे नियमित घेतल्यास स्नायूंतील कार्नोसिन वाढते आणि तीव्र श्रमात निर्माण होणारी आम्लता काही अंशी आटोक्यात राहते. मात्र त्याचा उपयोग प्रामुख्याने काही मिनिटे चालणाऱ्या अतितीव्र प्रकारांत होतो. तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीत नव्हे. अंगाला मुंग्या येणे हा त्याचा परिचित उपद्रव आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१८ मध्ये पूरकांविषयी तज्ज्ञांचे सहमतीपत्र प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष कामगिरीत सुधारणा घडवण्याबाबत पुरेसा पुरावा असलेल्या मोजक्या पूरकांत त्यात कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि सोडियम बायकार्बोनेट यांचा समावेश आहे. शाखायुक्त अमिनो आम्ले त्यात नाहीत. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट या संस्थेने पूरकांची पुराव्यानुसार चार गटांत विभागणी केली आहे. शाखायुक्त अमिनो आम्ले आणि टायरोसिन ही दोन्ही तिने 'क' गटात, म्हणजे लाभाचा पुरावा नसलेल्या पूरकांत ठेवली आहेत.

व्यायामानंतरची भरपाई

पूरकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो, तो स्नायूंच्या दुरुस्तीचा. ल्युसिन हे स्नायूंतील प्रथिननिर्मितीला चालना देते, ही गोष्ट खरी आहे. परंतु चालना मिळाल्यावर प्रत्यक्ष बांधणीसाठी नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात. केवळ तीन पुरवून बांधकाम पूर्ण होत नाही. उरलेली सहा आम्ले मग शरीराला स्वतःच्याच प्रथिनांतून काढावी लागतात. व्यायामानंतरची स्नायूंची वेदना शाखायुक्त अमिनो आम्लांमुळे काहीशी कमी झाल्याचे काही अभ्यास सांगतात. पुरेशी पूर्ण प्रथिने घेणाऱ्यांना त्यातून अधिक काही मिळण्याची शक्यता कमी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. क्रीडापटूंसाठी अमेरिका आणि कॅनडातील आहारतज्ज्ञांच्या संघटना आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०१६ मध्ये १.२ ते २ ग्रॅम ही मर्यादा सुचवली. ६० किलो वजनाच्या धावपटूला त्यानुसार रोज ७२ ते १२० ग्रॅम प्रथिने लागतात.

हे प्रमाण रोजच्या अन्नातून गाठता येते. २०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे २२ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ११ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ ग्रॅम आणि दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिने असतात. ही बेरीज सुमारे ८६ ग्रॅम होते. अन्नातील प्रथिनांत शाखायुक्त अमिनो आम्लांचा वाटा साधारणतः १५ ते २० टक्के धरला, तर एवढ्या अन्नातून त्यांचे १३ ते १७ ग्रॅम मिळतात. पूरकाच्या एका मापात बहुधा ५ ते ७ ग्रॅम असतात. डाळीत कमी असणारे मेथिओनिन धान्यातून आणि धान्यात कमी असणारे लायसिन डाळीतून मिळत असल्याने वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी अशा जोड्या शाकाहारी खेळाडूलाही परिपूर्ण प्रथिने पुरवतात.

थकव्याची दुर्लक्षित कारणे

सतत थकवा जाणवणाऱ्या खेळाडूने पूरक विकत घेण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेणे अधिक हिताचे असते. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. दीर्घ पल्ल्याच्या सरावात घामावाटे आणि आतड्यांवाटे लोहाचा काही ऱ्हास होतो. पावलांच्या सततच्या आघाताने काही तांबड्या पेशीही नष्ट होतात. स्त्रियांत मासिक पाळीची त्यात भर पडते. रक्तातील हिमोग्लोबिन घटले की स्नायूंना प्राणवायू कमी पडतो. हा थकवा कोणत्याही अमिनो आम्लाने भरून निघत नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी केल्यास लोहाचा साठा घटल्याचे लवकर लक्षात येते. लोहाच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्या लागतात.

दुसरे कारण म्हणजे अपुरा आहार. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने कमी खाणाऱ्या खेळाडूंत संप्रेरकांचे कार्य बिघडते, स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि कामगिरी खालावते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे स्वतंत्र नावाने लक्ष वेधले. स्त्री आणि पुरुष दोघांतही ती आढळते. वजन कमी ठेवण्याच्या नादात जेवणाऐवजी पूरकांवर भर देणारे खेळाडू या अवस्थेकडे ओढले जाण्याचा धोका असतो. अपुरी झोप, विश्रांतीविना वाढवलेला सराव, थायरॉइडचे विकार आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हीदेखील तपासण्याजोगी कारणे होत.

पूरकांतील भेसळ आणि उत्तेजक द्रव्य चाचणी

अमिनो आम्ले ही जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्था अर्थात 'वाडा'च्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाहीत. धोका असतो तो त्यांच्यासोबत डब्यात शिरलेल्या अन्य द्रव्यांचा. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून गोळा केलेल्या ६३४ पूरकांच्या तपासणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९४ पूरकांत, म्हणजे १४.८ टक्के नमुन्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. एकाच यंत्रावर वेगवेगळी उत्पादने तयार होत असतील, तर निर्मात्याचा हेतू नसतानाही अशी मिसळ होऊ शकते.

उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांनुसार शरीरात सापडलेल्या प्रत्येक द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. द्रव्य अजाणता गेले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच असतो आणि ते सिद्ध झाले तरी शिक्षा केवळ सौम्य होऊ शकते; स्पर्धेतील निकाल बहुधा रद्द होतो. भारताला याचा अनुभव आहे. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत महिलांच्या ४ बाय ४०० मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातील काही धावपटू २०११ मध्ये स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी आढळल्या. दूषित पूरकांमुळे हे घडल्याचा युक्तिवाद त्यांच्या वतीने करण्यात आला. प्रारंभी त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घालण्यात आली. २०१२ मध्ये क्रीडाविषयक आंतरराष्ट्रीय लवादाने ती दोन वर्षांची केली. ऐन उमेदीतील दोन वर्षे कारकिर्दीतून वजा होणे, ही किंमत कोणत्याही डब्याच्या छापील किमतीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

भारतात राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या, कामकाजाला २०२२ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आहे. थकवा घालवण्यासाठी शिरेवाटे अमिनो आम्लांचे सलाईन घेण्याचा प्रकारही खेळाडूला अडचणीत आणू शकतो. 'वाडा'च्या नियमांनुसार १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेवाटे घेणे, रुग्णालयातील आवश्यक उपचार आणि तत्सम अपवाद वगळता, निषिद्ध आहे.

भेसळीचा धोका खेळाच्या मैदानापुरता नसतो. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या पूरकांतून स्नायुवेदना आणि रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींची वाढ असणारा गंभीर विकार पसरला. १,५०० हून अधिक लोक आजारी पडले आणि किमान ३७ जणांचा मृत्यू झाला. या रुग्णांपैकी बहुतेकांचा संबंध एकाच उत्पादकाच्या ट्रिप्टोफॅनशी आणि त्यातील अशुद्ध घटकांशी जोडला गेला.

खरेदी करताना पाहावयाच्या बाबी

भारतात पूरकांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणामार्फत होते. त्यासंबंधीचे स्वतंत्र विनियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. वेष्टनावर १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी व मात्रा, तसेच हे उत्पादन औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचना असणे अपेक्षित आहे. परवाना क्रमांक म्हणजे उत्पादन उत्तेजक द्रव्यमुक्त असल्याची हमी नव्हे. स्पर्धात्मक खेळाडूंसाठी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' यांसारख्या स्वतंत्र यंत्रणांनी तपासलेले उत्पादन तुलनेने सुरक्षित असते. त्यानेही धोका कमी होतो, पूर्णतः टळत नाही. मालाचा तुकडी क्रमांक टिपून ठेवणे आणि न उघडलेला एक डबा राखून ठेवणे, पुढे वाद उद्भवल्यास उपयोगी पडते.

मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी वैद्यकीय सल्ल्याविना अमिनो आम्लांची पूरके घेऊ नयेत. नैराश्यावरील काही औषधांसोबत ट्रिप्टोफॅन घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. शाखायुक्त अमिनो आम्लांचे विघटन करू न शकणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. अशा व्यक्तींना ही आम्ले घातक ठरतात.

थकवा लांबवणारे सिद्ध उपाय

एक ते अडीच तासांच्या शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेणे, हा सर्वाधिक पुरावा असलेला उपाय होय. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. खजूर, चिक्की, लिंबू-साखर-मिठाचे पाणी हे परिचित पर्याय आहेत. अडीच तासांहून अधिक काळ चालणाऱ्या शर्यतीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या मिश्रणातून तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेता येतात; मात्र पोटाला त्याची सवय सरावाच्या काळातच लावावी लागते. शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत भात, पोळी, बटाटा यांसारख्या पदार्थांचे प्रमाण वाढवल्यास ग्लायकोजेनचा साठा भरलेला राहतो.

पाणी तहानेनुसार आणि घामाच्या प्रमाणात घ्यावे लागते. गरजेपेक्षा फार अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवाला धोका संभवतो. उष्ण ठिकाणच्या शर्यतीसाठी एक ते दोन आठवडे त्या हवामानाची सवय करून घेणे, पुरेशी झोप घेणे आणि सरावाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवणे यांचा परिणामही खात्रीचा आहे.

अमिनो आम्ले शरीराला आवश्यक आहेत, यात शंका नाही. ती अन्नातून पुरेशी मिळत असताना डब्यातून आणखी घेतल्याने थकवा कमी होत नाही, इतकेच तीन दशकांहून अधिक काळच्या प्रयोगांचे सांगणे आहे. विश्रांतीनंतरही न जाणारा थकवा दोन-तीन आठवडे टिकून राहिल्यास त्याची वैद्यकीय तपासणी होणे आवश्यक ठरते.